हॅना कुठं बसायची

प्लेट काचेची होती, कडेला निळी नक्षी. मॅडमच्या मुलाने वाढदिवसाच्या केकचा तुकडा त्या प्लेटमध्ये घालून मला आणून दिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून खाल्ला. प्लेट धुवायला नेली तर मॅडमनी ती माझ्या हातून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. पाहुण्या बायका बघत होत्या.

"अगं, सेट मोडला ना," एक जण म्हणाली.

"मोडू दे. सेट काय, दुसरा येतो."

सगळ्या हसल्या. जात कुणी काढली नाही. काढायची गरजच नव्हती.

ही गोष्ट १९९७ ची. ओमानमध्ये, सीबजवळ अल हैलला. मॅडम आणि साहेब पुण्याचे, मी त्यांच्याकडे घरकामाला. माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, आमची वस्ती ओढ्यापलीकडे, गावाबाहेर. माझं स्टीलचं ताट आणि कप मागच्या अंगणात, गॅसच्या सिलिंडरवर पालथे असत. दोन वर्षांचा करार ऑगस्टमध्ये संपला होता. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात, कुलपात. मुलगी माझ्या आईकडे. फोनवर ती आता मला 'तुम्ही' म्हणायला लागली होती.

पासपोर्ट मागितला की साहेब म्हणत, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." हा त्यांचा विनोद होता. पासपोर्टशिवाय विमान नाही. त्यांच्या सहीशिवाय दुसरीकडे काम नाही. मागच्या गेटची किल्ली मॅडमकडे. भिंतीपलीकडून समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही.

डिसेंबरात शेजारच्या पोलिश इंजिनियरची म्हातारी आई राहायला आली. तिची कंबर धरलेली. दुपारची सोबत म्हणून मॅडमनी मला त्यांच्याकडे 'दिली'. पहिल्याच दिवशी तिला खुर्चीतून उठवताना मी पुटपुटले, "बया, लई जड हाय ही."

"जड न्हाय गं," म्हातारी म्हणाली. "हाडं म्हातारी झाल्यात."

मी घाबरून हात सोडला. ती खुर्चीत आदळली आणि खूप हसली.

तिचं नाव हेलेना. मी आजी म्हणायची. १९४० मध्ये रशियनांनी तिला आणि आईबापांना घरातून उचलून सायबेरियात नेलं. बाप तिकडेच गेला. मायलेकी इराणमार्गे हिंदुस्थानात आल्या, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासितांच्या कॅम्पात. आजी तिथे वाढली. मराठी भाजीवाल्यांकडून शिकली. वळिवडं माझ्या गावापासून लांब नाही.

थोरली बहीण झोसिया लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, म्हणून मागे राहिली. तो मुलूख व्होलिन. तेव्हा पोलंडमध्ये होता, आता युक्रेनमध्ये. १९४३ च्या उन्हाळ्यात युक्रेनी राष्ट्रवाद्यांच्या टोळ्या पोलिश गावांवर आल्या. हातात बंदुका, कुऱ्हाडी, विळे. सोबत शेजारपाजारचे लोक, कुणी हौसेने, कुणी धाकाने. झोसियाला, तिच्या नवऱ्याला आणि थोरल्या मुलाला गोठ्यात मारलं. धाकटी मुलगी वाचली. तिला हॅनाने बटाट्याच्या खड्ड्यात लपवलं होतं. हॅना युक्रेनी, झोसियाच्या घरची मोलकरीण. मुलगी कुठे आहे ते तिने सांगितलं नाही. टोळीने तिलाही मारलं. तिच्याच लोकांनी.

पुढे पोलिशांनीही युक्रेनी गावं जाळली. हेही आजीनेच सांगितलं, आवाज न बदलता.

"पण का मारलं?" मी विचारलं.

"कारणं लई सांगत्यात. जमिनीचं, राज्याचं. पर लेकराला मारायला कारण नसतंय. तू हुडकू नको."

मी हुडकलं नाही. माझ्या काचेच्या प्लेटची आणि त्या कुऱ्हाडीची बरोबरी होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हॅना डोक्यातून जाईना.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे मोठं जेवण असतं. मांस नाही, मासे. टेबलावर आधी गवत पसरतात, त्यावर पांढरी चादर. इंजिनियरने सीबच्या बाजारातून शेळ्यांचा चारा आणला होता. जेवायला माणसं चार. मायलेक, आणि पाहुणे म्हणून माझे साहेब-मॅडम; त्यांचा मुलगा येणार नव्हता. आजीने मला पाच ताटं मांडायला सांगितली.

"पाचवं कुणाचं?"

"जो न्हाय त्याचं," ती म्हणाली आणि आवरायला आत गेली.

मला वाटलं, झोसियाचं. मेलेल्यांसाठी ताट वाढणं आमच्याकडे आता कुणी करत नाही, पण माझी आजी पितरांच्या पंधरवड्यात गुपचूप करायची. मी पाचव्या ताटात प्रत्येक पदार्थ थोडा थोडा वाढला आणि ते बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. अल हैलला कावळ्यांना तोटा नाही. लगेच एक शिवला.

बरोबर तेव्हाच साहेब-मॅडम गेटातून आत आले. मॅडमनी बघितलं.

"अडाणी ती अडाणीच," त्या म्हणाल्या, आणि इंजिनियरला इंग्रजीत सांगून हसल्या.

आजी काठी टेकत बाहेर आली. भिंतीकडे बघत राहिली. "मेल्याचं न्हाय गं ते," ती म्हणाली. "दारात अचानक कोण आलं, तर त्याचं. आईच्या घरी असायचं, झोसियाच्याबी घरी. धुऊन आण."

मी धुऊन आणलं. आकाशात पहिला तारा दिसल्यावर सगळे बसले. मी वाढू लागले. चौघांच्या मध्ये ते रिकामं ताट आणि रिकामी खुर्ची. मी आजीच्या मागे उभी होते. तेव्हा मी विचारलं.

"आजी, झोसियाच्या घरी हॅना कुठं बसायची?"

"ती वाढायची."

"आणि जेवायची कुठं?"

आजीने चमचा खाली ठेवला. "पायरीवर. दाराबाहेर."

"आणि हे ताट?"

"रिकामं असायचं."

 ती मला बस म्हणाली नाही. मी वाढायचं भांडं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसले.

"ऊठ," मॅडम मराठीत म्हणाल्या, हसरा चेहरा तसाच ठेवून. "ऊठ. घरी चल, मग बघते."

"माझा पासपोर्ट द्या," मी म्हणाले. "करार ऑगस्टमध्ये संपलाय."

साहेब इंजिनियरकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलले. इंजिनियर ताटातला माशाचा काटा काढत राहिला. आजी चादरीची घडी बोटाने सरळ करत होती. मी माझ्या हाताने माझ्या ताटात वाढून घेतलं. चव लागली नाही. पण ताट संपवलं.

पासपोर्ट मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला नवं कुलूप आलं, आणि शेजारी जाणं बंद झालं. सकाळी मी सिलिंडरवरचं स्टीलचं ताट आणि कप उचलला, आणि ती निळी प्लेट गेली होती त्याच डब्यात टाकला.

"आता खाशील कशात?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही खाता त्यात. नाहीतर खाणार नाही. आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत या घरात मी गॅस पेटवणार नाही."

"जाशील कुठं?"

कुठेच जाता येत नव्हतं. दार बंद होतं, कपाट बंद होतं, सही त्यांची होती. कोंडायचं तितकं त्यांनी कोंडावं. यापुढे कुणाच्याही खुर्चीमागे उभी राहून मी वाढणार नाही, आणि बस म्हणण्याची वाट बघणार नाही.