पुन्हा पहिल्यापासून

जर्मनीत बाड हॉम्बुर्गला आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा प्राचीन रोमन देवांना मानतात. बोलण्याआधी "आल्झो", म्हणजे "तर", म्हणून थांबतात, जणू पुढचा शब्द तपासून घेतात. अशाच भक्तांच्या त्यांच्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या खेळांना यंदा आम्हीही गेलो. सुरुवातीला त्यांनी अग्नीत धूप वाहिला, मग शर्यती झाल्या. माझी सात वर्षांची लेक पहिली आली. तिच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढला, तेवढ्यात आजोबा मैदानाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"आल्झो... धूप वाहताना वस्त्राचा पदर डोक्यावर घ्यायचा माझ्याकडून राहिला. पूजा चुकली, म्हणजे खेळही बाद. नॉखमाल, पुन्हा पहिल्यापासून."

कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. "राहू दे ना आता," कुणीतरी म्हणालं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लेकीसमोर वाकून त्यांनीच तिचा मुकुट उतरवला. दुसऱ्यांदा धावली तेव्हा ती चौथी आली.

महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

परवा घरी देवापुढे दिवा लावून स्तोत्र म्हणताना घाईत मी दोन ओळी गाळल्या. लेकीने जोडलेले हात सोडले नाहीत.

"बाबा, नॉखमाल," ती म्हणाली. "पहिल्यापासून."