गाढवांचं कोमट पाणी

सासरी हिवाळ्यात गरम पाण्याचा पहिला मान गाढवांचा होता, आणि ते मला अजिबात पटत नव्हतं. मी जळगावात दहावी झालेली, धुळ्यात कुंभाराच्या घरी दिलेली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पहाटे बंब पेटवताना बोटं वळत नसत, आणि पहिली बादली सासरे, म्हणजे आमचे आबा, अंगणात नेऊन दोन गाढविणींपुढे ठेवायचे. दोघी बुटक्या, माझ्या कमरेएवढ्या. नदीकाठची माती वाहून आणायच्या. अंगावर आबांनी शिवलेली गोणपाटाची झूल. दवाने ओली झाली की ते लगेच बदलायचे.

"लेकींना उटणं पण लावा," मी टोमणा मारायचे.

आबा हसायचे. "थंडं पानी त्यासले सोसत नही, पोरी."

एका मार्गशीर्षात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, चाळीसगावला. आबा तीन दिवस गेले. जाताना चारदा बजावलं, "कोमट करी दे. इसरू नको."

मी विसरले नाही. मी मुद्दामच केलं नाही. हौदातलं गार पाणी पुढे ठेवलं. धाकटीने प्यायलं, थोरलीने हुंगून तोंड फिरवलं. म्हटलं, कर नखरे. दुसऱ्या दिवशीही तेच. ती कोरडा कडबा खात राहिली आणि तिसऱ्या सकाळी आडवी पडून पोटाकडे बघायला लागली. नवरा बाजाराला गेलेला. मीच धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, पाणी पोटात नाही, चारा आत अडकला. दुपारी ती गेली.

संध्याकाळी आबा आले. तिच्याशेजारी बसून विचारलं, "पानी कोमट दिन्हं व्हतं ना?"

"हो, आबा. थंडीच बाधली."

"मंग मनीच चूक शे. मी जावाले नको व्हतं."

मला वाटलं, दोन दिवस हळहळतील आणि विसरतील. पण आबा त्यानंतर थंडीत कुठे मुक्कामाला गेलेच नाहीत. दोन वर्षांनी पौषात ती धाकटी बहीण अंथरुणाला खिळली. "भाऊला बोलवा" असे दोन निरोप आले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही जा. मी देते पाणी."

"तुनावर भरोसा शे, पोरी. पन मी मांगे लगीनले गऊ तवय काय व्हयनं? थंडी सरू दे, मंग जासू."

तेव्हा बोलायला हवं होतं. नवरा घरात नव्हता, कोणी ऐकणारं नव्हतं, एक वाक्य पुरलं असतं. मला लाज वाटली, भीतीही वाटली. मी भाकरी थापत राहिले.

थंडी सरायच्या आधीच आबांचा भाचा निरोप घेऊन आला. म्हणाला, आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि चूल न पेटवताच बसून राहिले.