पेटीतला संसार

आमच्या जबलपुरातल्या महाराजपूरच्या घरात देव नाहीत. आम्ही बौद्ध झालो तेव्हा बाबांनी ते टोपलीत घालून नदीत सोडले, अन् देवांबरोबर त्यांच्या गोष्टीही वाहून गेल्या. तरुणपणी मला याचा केवढा ताठा. ग्रहण लागलं की शेजारणी उपाशी बसायच्या, अन् मी अंगणात खुर्ची टाकून, सगळ्यांना दिसेल अशी, भजी खायची. जबलपुरात विज्ञान जसं काही माझ्याच भरवशावर होतं. एकदा भजी शिळी निघाली. पोट बिघडलं, पण ग्रहणाचं नाव व्हायला नको म्हणून ती बया, म्हणजे मीच, उशीत तोंड खुपसून कण्हली.

अशा बयेला नात मिळाली ती चित्रं काढणारी. नात अन् तिची मैत्रीण, मंडल्याकडची गोंड पोरगी, दोघी मिळून प्रदर्शन करून राहिल्या होत्या. त्यांच्या मॅडमची अट अशी की चित्रात पुढचा काळ हवा, अंतराळयानं, परग्रह, सगळं. पण गोष्ट आपापल्या घरची, जुनी हवी. घरची गोष्ट नसेल तर भिंतीवर जागा नाही.

मैत्रिणीचं चित्र झालंही होतं. तिच्या दादीच्या गोष्टीत आधी सगळीकडे पाणीच होतं, मग गांडुळाच्या पोटातून माती निघाली अन् जमीन झाली. हिनं ते गांडूळ लोखंडी केलं होतं, आगगाडीएवढं, अन् ते कुठल्याशा ओल्या ग्रहावर माती ओकत होतं.

"हे विज्ञान आहे का पुराण?" मी विचारलं.

"दोनों, दादी."

दोन्ही कसं असेल? भजीवालीला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी चष्मा पुसला, तरी कळलं नाही.

नात मात्र रडवेली. "आजी, अपने घर की कहानी क्या है? मी काय लावू, कोरा कागद?"

"आपल्या घरी कुठल्या गोष्टी, बाई? तुझी पणजी नागपूरकडून नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून आली, एका पेटीत सगळा संसार घेऊन. एवढीच काय ती गोष्ट."

ती एकदम सरळ बसली. "पूरा संसार?"

"मग काय. अख्खा."

"पेटी में कैसे आया?"

"कोंबला. झाकण लागेना, तर वर बसली."

त्यानंतर तिनं खोलीचं दार लावून घेतलं. मला वाटलं, रुसली.

मॅडम चित्रं पसंत करायला आल्या तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. काळ्या आभाळात पत्र्याची पेटी. झाकणाच्या फटीतून ग्रह, तारे, एक अख्खी आकाशगंगा बाहेर सांडलेली, अन् वर माझी आई, लुगडं खोचून, ब्रह्मांडावर बसलेली. खाली नर्मदेसारखं काहीतरी वाहत होतं.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. पोरगी मराठी ऐकते अन् हिंदीत समजते. हिंदीत संसार म्हणजे सारं जग.

"माताजी, ये कथा आपके घर की है ना?" मॅडमनी विचारलं.

आता काय सांगू? माझा शब्दन्‌शब्द खरा, अन् चित्र सगळंच्या सगळं खोटं. हो म्हणावं तर देव सोडलेल्या घरात मी एक नवी देवी आणून बसवली. नाही म्हणावं तर पोरीची भिंत जाते. नात माझ्याकडे बघून राहिली होती. तोंडातून निघालं तेच, जे होतं.

"पेटी घरचीच. पण आमच्यात संसार म्हणजे भांडीकुंडी. तिच्यात तवा होता, पाण्याची पितळेची गुंडी, तिखटाचा डबा."

नातीचे कान लाल झाले. "आजी, पहले क्यों नहीं बताया?"

"तू काहून नाही विचारलं?"

मैत्रीण तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिनं आपल्या लोखंडी गांडुळाकडे बोट केलं. "मॅडम, हमारा केंचुआ भी तो पहले केंचुआ ही था."

मॅडम चित्राजवळ जाऊन वाकल्या. मग म्हणाल्या, "रहेगा. लेकिन तवा दिखना चाहिए."

आईला यातलं काय पटलं असतं, मला सांगता येत नाही. मला तरी काय पटलं, तेही नाही. नात तिथंच जमिनीवर बसून रंग कालवू लागली.

"आजी, तवा चमकता हुआ या काला?"

"काळा. चमकता काढलास तर लोक म्हणतील, या घरी भाकरीच होत नव्हती."