चुकीच्या चौकटीतली खूण

नोलीन ट्रेलोर आमच्या वॉरिंगा गावच्या न्यायाधिकरणात सव्वीस वर्षं अर्ज घेण्याच्या खिडकीवर बसली. मी तिच्या शेजारच्या खिडकीवर. आमच्या अध्यक्षबाई म्हणजे राजधानीतल्या वरिष्ठ न्यायाधीश. त्यांच्या हाताखाली उपाध्यक्ष, एकेकाकडे एकेक विभाग: घरभाडं, पालकत्व, सरकारी निर्णयांची फेरतपासणी. निकाल देणारे सदस्य दर दुसऱ्या मंगळवारी यायचे. रोज लोकांच्या समोर असायची ती मात्र नोलीनच. भेदरलेल्या माणसाचा अर्ज ती सरळ स्वतःच भरून द्यायची.

मग कुणा घरमालकाने तक्रार केली आणि तिला लेखी समज मिळाली. माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही.

महिनाभराने कॉलिन हॅड्रिक आला. मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म गेलेला, बोटं वाकडी झालेली. एकोणीस वर्षं सरकारी घरात भाड्याने राहत होता. तिथल्या जर्दाळूच्या झाडाखाली बायकोची राख पुरली होती. आता घर पाडायचं म्हणून जागा सोडायची नोटीस आली होती.

"सरकारशी भांडायचंय, बाई," तो म्हणाला. "अर्ज बरोबर भरलाय का, बघतेस जरा?"

त्याने ‘सरकारी निर्णय’ या चौकटीत खूण केली होती. घर सरकारचं असलं तरी तंटा भाड्याच्या घराचा, आणि त्याला मुदत तीसच दिवसांची. नोलीनने ते पाहिलं. मीही पाहिलं.

"मला सांगता येत नाही हो, मिस्टर हॅड्रिक. कायदा मदत केंद्रात विचारा."

"ते गुरुवारी उघडतं. तू घे ना, चालेल तसं."

तिने शिक्का मारला.

कागद सहा आठवडे भलत्याच विभागात पडून राहिले. उशीर माफ करायची सोय होती, पण सुनावणीची तारीख लागेपर्यंत घर जमीनदोस्त झालं होतं. झाडही.

वसंतात अध्यक्षबाई भेटीला आल्या. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "काही अडचणी?" नोलीन उठली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"पण तुम्ही तर नियम पाळलात," बाई म्हणाल्या.

"हो ना. तेच तर सांगतेय."

बाईंनी लिहून घेतलं. पुढल्या वर्षी मुख्य कचेरीत एक टेबल मांडलं गेलं. खूण कुठेही असो, तिथला माणूस अर्ज वाचून योग्य विभागाकडे पाठवतो. मुदतीचे अर्ज त्याच दिवशी.

हॅड्रिकला दोनशे किलोमीटरवर एक खोली मिळाली होती. नोलीन निवृत्त झाल्यावर आम्ही दोघी गेलो. ती माफी मागायला निघाली होती. मी गाडीतच थांबले.

तासाभराने ती परत आली. "काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"म्हणाला, तिथं तू एकटीच माझ्याशी नीट बोललीस. आभार मानले माझे."

"आणि तू सांगितलंस? खूण चुकलेली दिसली होती ते?"

"त्याने चहा ओतला," नोलीन म्हणाली. "मी प्यायले."