लिंबाखाली जांभळी गंगू

डॉक्टरांनी गंगूचं तोंड उघडून जिभेवरचा पांढरा थर मला दाखवला. मग पाण्याने भिजवून, अंगाला चिकटलेलं बाळोतं हलक्या हाताने सोडवलं. ते सुटताना ती अशी किंचाळली की बाहेर ओट्यावर बसलेल्या बाया उठून दारात आल्या. मांड्यांत, कुल्ल्यांवर, जांघेत कातडी उरलीच नव्हती. नुसतं लालभडक, ओलं मांस. कडेने बारीक बारीक लाल पुटकुळ्या.

“बाई, तोंडात ते दूध नाही चिकटलेलं,” डॉक्टर म्हणाले. “त्याला थ्रश बोलतात. आणि खाली आहे तो नॅपकिन रॅश. वर पण तेच, खाली पण तेच.”

थ्रश म्हणजे बुरशी. दमट दिवसांत शिळ्या भाकरीवर येते, तशी ती लेकराच्या तोंडात आणि ओल्या कातडीवर वाढते. नॅपकिन रॅश म्हणजे ओल्या बाळोत्याखाली कातडी सोलून निघणं. हे मला आज सांगता येतं. त्या सकाळी डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. मला स्वतःला हिवताप होता आणि हिंगोलीचा तो सरकारी दवाखाना माझ्याभोवती पाण्यातल्यासारखा हलत होता.

आमचं घर सेनगावच्या पलीकडे. मेंढ्या-शेळ्या आणि थोडी ज्वारी-कापूस. तेव्हा निजामाचं राज्य होतं. गंगू माझी पहिली लेक, नुकती मान धरू लागलेली. भादव्यात मला थंडी वाजून ताप यायला लागला आणि माझं दूध आटलं. घरात शेळीचं दूध होतं, ते चोचीच्या बोंडल्याने पाजलं. तिला हगवण लागली. झड लागलेली, बाळोती वाळत नव्हती. चुलीवरच्या दोरीवर टाकून, धुरकट आणि अर्धवट ओली, तशीच पुन्हा तिच्याखाली जात होती. लाली दिसली तेव्हा सासूबाईंनी गोवरीची राख चाळून लावली. त्यांच्या आईने त्यांच्या लेकरांना तेच लावलं होतं. पण ओल्या कातडीवर राखेची खपली धरली आणि खपलीखाली आग वाढत गेली.

मालक, गंगूचे वडील, म्हणाले, “आता दवाखानाच. म्या बैल जुंपून राहिलो.” मेंढरं धाकट्या दिराच्या हवाली केली आणि आम्ही निघालो. वाटेत कयाधू नदी उतरलेली मला आठवत नाही.

डॉक्टर हैदराबादेकडचे, वयस्कर. मराठी बोलायचे, मध्येच त्यांच्या बोलीचे शब्द यायचे. त्यांनी मालकांना समोर उभं करून सांगितलं, “आईला मलेरिया आहे, ती पलंगावर राहील. बच्चीचं तुम्हाला करायचं. कपडा बांधायचा नाही. बिल्कुल नाही. खुली हवा पाहिजे. कोवळं ऊन पाहिजे. घाण केली की उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं, पुसायचं नाही, टिपायचं. समजलं?”

“मला?” मालक म्हणाले. त्या काळी आमच्याकडे पुरुष तान्हं लेकरू चारचौघांत हातात घेत नसत.

“मग कोणाला? दुसरं कोण आहे इथं?”

बायकांच्या खोलीत पुरुषांना येऊ देत नव्हते. माझ्या पलंगाला खिडकी होती आणि खिडकीबाहेर कडुलिंबाचं झाड. झड उघडली होती. मालक तिथे घोंगडी अंथरून बसले, रात्री तेवढे ओट्यावर सरकायचे. लोकर टोचू नये म्हणून घोंगडीवर त्यांचंच धुतलेलं धोतर घातलं. त्यावर गंगू, पूर्ण उघडी.

मला क्विनाईन सुरू झालं. हिवतापाचं ते कडू औषध, त्याने कान वाजतात. माझ्या कानात रात्रंदिवस मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. वाटायचं, आमचा सगळा कळप दवाखान्याभोवती चरून राहिलाय. डोळे उघडले की खिडकीत हिरवा उजेड, त्यात मालक, त्यांच्या हातात लिंबाची डहाळी. ते माश्या वारत आहेत. डोळे मिटले की घंटा. पुन्हा उघडले तर गंगूचे ओठ जांभळे. खालचं अंगही जांभळं, जांभळाच्या झाडाखाली लोळून आल्यासारखं. मला वाटलं, माझी लेक फळ झाली आणि हे तिला राखत बसलेत. मला भीती वाटली नाही. हे सगळं मी स्वप्नच समजत होते.

ते जेन्शन व्हायोलेट नावाचं औषध होतं. बुरशी मारणारं जांभळं पाणी. नर्सबाई कापसाच्या बोळ्याने ते तोंडात आणि खाली लावून जायच्या. आता त्याच्याऐवजी दुसरी औषधं निघालीत, ती डॉक्टरांना विचारूनच लावावीत.

बोंडलं दरवेळी उकळायचं, दूधही उकळून, पाणी घालून, थोडं थोडं द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मालकांनी तीन दगडांची चूल मांडली. दवाखान्यात येणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एक म्हणाली, “अवो दादा, घरात बाई न्हाई का?” मालकांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि पाणी उतरवलं.

पण गंगूला लगेच आराम पडला नाही. मुतली की ती मूत लागून तडफडायची. आवाज बसला, नुसतं तोंड उघडायची. मग तिला ताप चढला आणि तिने बोंडलं तोंडात घेणं सोडलं. डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं, डोळे पाहिले. खिडकीपाशीच उभे होते, म्हणून मला ऐकू आलं.

“जखमेतून जहर रक्तात गेलं, तर माझ्या हातात काही राहत नाही. गेलं नसेल तर उतरेल. पाणी पाजत राहा. थेंब थेंब.”

त्याच दुपारी सासूबाई आल्या. कुणाच्या तरी गाडीत बसून, पदरात अंगारा बांधून. उघडी गंगू पाहून त्यांनी कपाळ बडवलं.

“आरं, वारं लागंल लेकराला! काहून असं उघडं टाकलंस? आन् ह्ये जांभळं काय फासलंय? उचल तिला. मंत्र घालायला देवर्षी वाट पाहून राहिला.”

“न्हाई,” मालक म्हणाले.

“म्या सात बाळंतपणं केली रं.”

“व्हय आई. पर ती न्हाई हलणार हितून. हलवली तर वाटंतच जाईल.”

आईला ‘न्हाई’ म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सासूबाई रडायला लागल्या. माझे डोळे पुन्हा मिटले. थोड्या वेळाने पाहिलं तर सासूबाई मालकांशेजारी बसलेल्या. अंगारा त्यांनी लिंबाच्या बुंध्याला लावला होता आणि डहाळी आता त्यांच्या हातात होती. मालक बोटाने गंगूच्या ओठात पाण्याचे थेंब सोडत होते.

मला झोप लागली. किती वेळ, माहीत नाही. जाग आली ती मालकांच्या हाकेने.

“अगं, मुतली! बघ की, मुतली अन् रडली न्हाई!”

ते उभे होते, सदरा ओला, गंगू दोन्ही हातांवर आडवी. खिडकीच्या गजापर्यंत आणून त्यांनी तिला मला दाखवलं. ती जांभळ्या तोंडाने जांभई देत होती. नर्सबाईंनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “उतरला. चमडी धरतेय आता.”

तेव्हा कुठे मला कळलं की त्या खिडकीतलं मी स्वप्नात पाहिलेलं नव्हतं. माझा नवरा खरोखर तिथे बसला होता.

नंतर दिवस सावकाश गेले. लालीवर कडेकडेने गुलाबी, पातळ कातडी आली. डॉक्टरांनी झिंक ऑईंटमेंट दिलं, ओल कातडीपर्यंत पोहोचू न देणारा पांढरा मलम. माझा ताप गेला. नर्सबाई म्हणाल्या, लेकराला छातीशी धरत जा, दूध परत येईल. पण गंगू माझ्याकडे आली की मान वळवून लिंबाखाली पाहायची. माझ्या अंगाला औषधाचा वास, तिला तो ओळखीचा नव्हता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मालक म्हणाले, “इसरली न्हाई ती तुला. धर तिला, म्या हितंच बसतो.” ते खिडकीबाहेर बसून तिच्याशी बोलत राहिले, मेंढ्यांशी बोलतात तसं, च्च च्च करत. त्यांचा आवाज ऐकत ती माझ्या अंगाला लागली. दूध आलं. आधी थोडं, मग पुरेसं.

तुमच्यापैकी कुणाच्या लेकराला असं झालं, तर राख, पावडर काही थापू नका. बाळोतं ओलं राहू देऊ नका, कातडीला हवा द्या. कातडी फुटली, तोंडात पांढरं दिसलं, ताप आला किंवा दूध पिणं सुटलं, तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा. आणि एकट्या आईवर टाकू नका. त्या डॉक्टरांना मी पुन्हा कधी भेटले नाही. नर्सबाईंनाही नाही. त्यांचं नाव घेऊन दिवा लावावा, तर नावंही मी विचारली नव्हती.

घरी निघालो तेव्हा आश्विनाचं ऊन पडलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागलेला, मध्येच तुरीचे पट्टे. सासूबाई गाडीत मागे टेकून झोपल्या होत्या. गंगू माझ्या मांडीवर उघडीच होती. वाटेत तिने मला ओलं केलं, लुगड्यातून पार मांडीपर्यंत. मालकांनी मागे वळून विचारलं, “थांबवू का गाडी?”

“नका,” मी म्हणाले.

ती झोपली होती. मी तशीच ओली बसून राहिले. थोड्या वेळाने मांडीवरचं ते ऊबदार पाणी गार झालं, मग उन्हाने वाळलं, आणि आमचं गाव दिसायला लागलं.