उघडी करंगळी

संभाजीनगरहून वैजापूरला लग्नाला गेलो होतो. पंगत लांबली, म्हणून मांडवातच आम्ही शेंगदाणे लावून पत्त्यांचा एकवीसचा डाव मांडला; पानांची बेरीज एकवीसच्या वर गेली की हरलं. नवरदेवाकडची एक अनोळखी मावशी येऊन बसली. एक्का पडला की ती डाव्या हाताचं एक बोट मिटायची. चारही एक्के गेले की जास्तीचं पान मागतच नसे. तिच्यापुढं शेंगदाण्यांचा ढीग झाला.

"मावशी, सगळी पानं ध्यानात राहतात?"

"नाय बा. शेरडं राखताना सगळा कळप कोण मोजतं? घंटीवाल्या चार दिसल्या की झालं."

संध्याकाळी वऱ्हाडाचा टेम्पो निघाला. मावशी पुन्हा बोटं मिटत होती. सून आली, दोन्ही नाती आल्या. करंगळी उघडीच राहिली.

"थांबव रं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आमचा म्हातारा राहिला."

मी मांडवात पळालो. म्हातारा तिथं तिचे सगळे शेंगदाणे हरून बसला होता.