संशोधकाची मान

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी स्वस्थ बसणं तिला कधी जमलंच नाही. कामगार आणि समाजकल्याण धोरण या विषयात एमए करायला ती परदेशी निघाली, तेव्हा आईने बॅगेत सामानाबरोबर सूचनाही कोंबल्या. वेळेवर जेव. केस ओले ठेवून झोपू नकोस. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस. पहिल्या दोन सूचना आठवडाभरसुद्धा टिकल्या नाहीत. तिसरी मात्र तिने इतकी मनावर घेतली, की मुलाखत कशी घ्यावी याच्या तासाला प्राध्यापक तिचं उदाहरण देऊ लागले.

प्रबंधासाठी तिने गावाबाहेरची एक मोठी लॉन्ड्री गाठली. इस्पितळांच्या चादरी तिथे ढिगाने येत. आत शिरलं की वाफेने चष्मा पांढरा होई. तिचा प्रश्न साधा होता: कायद्यात आठ तास लिहिलेत, माणसं खरोखर किती तास राबतात? ती स्टुलावर बसे, फोनवर रेकॉर्डिंग लावी, विचारी आणि गप्प राही.

सगळ्या मुलाखती ऐकून प्राध्यापकांनी तिला बोलावलं.

"तुझ्या लॉन्ड्रीत सगळे बरोबर आठ तास काम करतात," ते म्हणाले. "आधी माहीत असतं तर मीच तिथे चिकटलो असतो."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी बोलत होत्या. "दहा तास तरी होतात." शांतता. "म्हणजे नऊ धर." पुन्हा शांतता. "बरं बाई, आठ. आठच लिही."

इस्त्रीवाल्याची तीच तऱ्हा. बाजार उठताना भाजीचा भाव उतरावा, तसा तो अकरावरून आठवर आला होता.

"मधल्या शांततेत तू काय करत होतीस? डोळे वटारत होतीस?"

"नाही सर. नुसती ऐकत होते."

"दबावाखाली दिलेलं उत्तर आपल्याला वापरता येत नाही. कळतंय ना?"

भिंगरीने मान डोलावली.

"नाही कळलं? बरं." त्यांनी पुन्हा समजावलं. तिने पुन्हा डोलावली, या वेळी जरा जास्तच आदराने. ते उठले, फळ्यावर चौकोन आणि बाण काढून तिसऱ्यांदा सांगू लागले आणि अर्ध्या बाणावरच थबकले.

"थांब. तू हो म्हणतेयस की नाही?"

"हो सर. मघापासून हो म्हणतेय."

"तुझी मान नाही म्हणतेय."

आता भिंगरीला उलगडा झाला. आपल्याकडे मान अशी या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलली की 'खरं आहे, बोला पुढे'. इथे तिचा अर्थ 'चूक, पुन्हा सांगा'. ही पोरगी मालकांकडून आली असणार, हिला कायद्यातलंच उत्तर हवंय, असं लॉन्ड्रीतल्या त्या बिचाऱ्यांनी धरलं होतं.

प्राध्यापक डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, की या मुलाखती बाद. महिनाअखेरपर्यंत नव्या झाल्या नाहीत तर प्रबंध पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षापर्यंत तिचा व्हिसा पुरणार नव्हता.

तिने घरी व्हिडिओ कॉल लावून सगळं सांगितलं.

"आपण कुठे मान हलवतो?" आई मान डोलावत म्हणाली.

"छे, कधीच नाही," मागून बाबा डोलले. मग आईचा चेहरा बारीक झाला. "पदवी न घेताच परत यावं लागेल का गं?"

त्यानंतर रोज सराव. आई प्रश्न विचारायची, भिंगरी मान धरून बसायची.

"अगं, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी काय बसतेस? जेवलीस का?"

भिंगरीची मान हलली.

"हे बघ, हललीस."

"तो प्रश्न मुलाखतीतला नव्हता."

अशी ताठ मान घेऊन ती लॉन्ड्रीत गेली. घड्या घालणाऱ्या मावशींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातली चादर खाली ठेवली.

"काय झालं पोरी? माझ्यावर कुणी तक्रार केली का?"

झालं, आता त्या आठसुद्धा सांगेनात. भिंगरीने रेकॉर्डिंग बंद केलं.

"मावशी, माझ्या मानेकडे बघू नका. आमच्याकडे अशी हलली की हो. मागच्या वेळी मी तुम्हाला सारखी हो म्हणत होते."

"कशी? परत करून दाखव."

तिने दाखवलं. मावशींनी इस्त्रीवाल्याला हाक मारली, त्याने दोघा-तिघांना. सगळे करून बघू लागले. इस्त्रीवाल्याची मान काही केल्या डोलेना, खांदेच हलत. हसता हसता मावशी एकदम थांबल्या.

"म्हणजे तुझ्या मानेपायी मी रोजचे दोन तास सोडून दिले?"

"माझंच चुकलं, मावशी."

"मग लाव ते परत. दहा लिही. आणि शनिवारचं तू विचारलंच नाहीस."

शनिवारी लॉन्ड्री बंद असते असं तिथल्या कार्यालयात तिला सांगितलं होतं. भिंगरीने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि शनिवारचं विचारलं. मावशी सांगू लागल्या, तशी तिची मान आपोआप डोलायला लागली. त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.